शेवंताचं ‘नाही’

“मग याच तिघींना धोका, असं धरून चालू ना?”

डॉक्टर केतकीनं वही पुढं सरकवली. गोदाक्कांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या चहा गाळत होत्या.

मठाच्या दवाखान्यात गोदाक्का बत्तीस वर्षं बाळंतपणं करत आल्या होत्या. केतकीला येऊन तीन महिने झाले होते. येताना तिनं स्वतःचा सूक्ष्मदर्शक आणला होता. गरोदर बाईच्या योनिमार्गात जंतुसंसर्ग असला, तर बाळ वेळेआधी येण्याची भीती वाढते. ती भीती आधीच हेरायची, असा केतकीनं चंग बांधला होता.

“चाळीस जणी, अक्का. एकीलाही सोडलं नाही. अंगावरून पांढरं जातं का, वास येतो का, खाज सुटते का. तिघी हो म्हणाल्या, त्यांचा स्राव काचेवर घेऊन तपासला. बाकीच्या ठणठणीत.”

“आणि शेवंता?”

शेवंता बाहेर बाकावर बसली होती. पाचवा महिना. मागच्या खेपेला सातव्यातच मोकळी झाली होती. बाळ दोन दिवस जगलं. शेजारी सासू, पलीकडं आणखी नऊ-दहा बायका.

“नाही म्हणाली. घरी पाठवते तिला.”

“विचारलंस कुठं?”

“कुठं म्हणजे? इथंच दारात. नाव पुकारलं की लगेच विचारते. वेळ वाचतो.”

“हं...”

गोदाक्का उठल्या. पदराला हात पुसत दारात गेल्या आणि दवंडी पिटावी तशा आवाजात म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, सकाळपासून चार वेळा परसाकडं पळालात. जुलाब लागलेत का?”

बाकावरच्या सगळ्या माना वळल्या.

“न... नाही! काहीतरीच काय!” केतकीचे कान तापले.

“पोट ठणठणीत?”

“एकदम.”

“मग लिहा वहीत.”

बायका पदरात तोंड खुपसून हसल्या. शेवंताची सासू कळवळून म्हणाली, “लाजू नगा, बाई. परवाच्या आमटीनं माझंबी तसंच झालं व्हतं.”

केतकी तणतणत आत आली. गोदाक्कांनी मीठ-साखरेचं पाणी ढवळून तिच्यापुढं ठेवलं.

“घे. कालपासून होतायत ना?”

केतकीनं पेला उचलला, निम्मा संपवला. नजर वहीवर गेली. पानभर एकाखाली एक ‘नाही’, सगळे तिच्याच अक्षरातले...

पेला ठेवून ती बाहेर शेवंताच्या सासूपाशी आली.

“आत्या, तुम्ही जरा अक्कांजवळ बसून चहा घ्या. शेवंता, तू चल माझ्याबरोबर.”

तपासणीच्या खोलीत तिनं दार लोटलं, कडी घातली. टेबलामागच्या खुर्चीवर न बसता शेवंताच्या शेजारी बाकड्यावर टेकली.

शेवंताच म्हणाली, “मगाशी... खरंच जुलाब व्हते?”

“होते.”

“मग न्हाई कशापायी म्हणालासा?”

केतकीला हसू फुटलं. शेवंताही हसली. हसता हसता तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“मलाबी हाय,” ती म्हणाली. “म्हैना झाला. वास येतोय. मागल्या खेपंलाबी असंच व्हतं. कुणाला सांगायचं वो?”

केतकीनं स्राव तपासायला घेतला. दुपारी सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. शेवंताला तिनं सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, कशा घ्यायच्या ते दोनदा सांगितलं, पायरीपर्यंत सोडलं. मग ती गोदाक्कांपाशी येऊन उभी राहिली.

“संसर्ग आहे, अक्का. तपासणी वाईट आली.”

“हं.”

“गोळ्यांनी तो जाईलही. पण बाळ दिवस भरून येईल का?”

“कुणाला ठाऊक?”

“इतकी वर्षं झाली तुम्हाला, तरी नाही सांगता येत?”

“नाही.”

उताराच्या वाटेनं सासू पुढं आणि शेवंता मागं, जपून उतरत होत्या.

“जाताना काय म्हणाली?” गोदाक्कांनी विचारलं.

“कोण, शेवंता? काही नाही... त्रास नसला तरी दर मंगळवारी तुमच्याकडं आलं तर चालंल का, म्हणाली.”

“अगं, मग तपासणीत वाईट काय आलं?”