म्हाताऱ्या कासवीला कोण दिसलं

गलबतं वाऱ्याच्या भरवशावर चालायची त्या काळी एका किनाऱ्यावर दूरदेशीचा पांढरा घोडा आणि वाळवंटातला कोल्हा उतरले. तिथल्या रेड्याशी त्यांची लगेच जुंपली.

"मृत्यू येतो तो माझ्याच पाठीवर बसून, हातात पाश घेऊन," रेडा म्हणाला.

"काहीतरीच! आमच्याकडे तो नुसता हाडांचा सापळा असतो, आणि बसतो माझ्यावर," घोडा फुरफुरला.

"आमच्याकडे तर त्याला तोंडच माझं आहे," कोल्हा म्हणाला.

जवळच वाळूत एक म्हातारी कासवी शेवटचे श्वास घेत होती. तिघे तिच्याकडे धावले.

"आजी, तुला आता तो दिसेलच. आमच्यातला खरा कोण, तेवढं सांगून जा!"

कासवीने मान उचलून समुद्राकडे पाहिलं. पाहतच राहिली.

"कशावर बसून आलाय?" रेड्याने हळूच विचारलं.

"चालत येतेय, माझ्यासारखीच सावकाश," ती म्हणाली. "आमची आई वाळूत अंडी पुरून निघून जाते रे. आम्हाला ती कधीच दिसत नाही. आज दिसली."

तिघांना समोर फक्त लाटा दिसत होत्या. तरीही ते मुकाट्याने वाटेतून बाजूला झाले.