सदबाचा संप

पिंपळदरी गावात सदबा नावाचा एक भोळा मुलगा होता. गावात त्याला कुणी कामावर ठेवीना, म्हणून आईने त्याला विद्यापीठात श्रमाचं अर्थशास्त्र शिकायला घातलं. शिकलेल्या पोराला मुलगी तरी मिळेल, एवढीच तिची आशा.

पहिल्याच तासाला सर म्हणाले, "कामाची विभागणी करावी. ज्याचं काम त्यानेच करावं."

सुट्टीत सदबा घरी आला. आई म्हणाली, "दुधावर लक्ष ठेव रे." सदबाने ठेवलं. दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली.

"अरे मेल्या, उतरवलं का नाहीस?"

"माझं काम लक्ष ठेवायचं. उतरवायचं कुणाला दिलं होतंस?"

आईने कपाळावर हात मारला.

पुढचा धडा संघटनेचा. "मालकापुढे एकट्याने बोलू नये," सर म्हणाले. "सगळ्यांनी मिळून एका सुरात बोलावं."

सदबाला स्थळ सांगून आलं. मुलगी बघायला तो चार वर्गमित्र घेऊन गेला. पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काय जावईबापू, पसंत आहे का आमची रेवती?"

पाचही जण एकदम ओरडले, "पसंत आहे!"

रेवतीला हसू आवरेना. मुलगा गमत्या दिसतो, असं म्हणून वडिलांनी लग्न ठरवलं. आईने गावभर पेढे वाटले.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात सरांनी संप शिकवला. "ऐन मोक्याच्या वेळी काम बंद करावं. तरच किंमत कळते."

मुहूर्ताची वेळ झाली. भटजींनी अंतरपाट धरला. सदबा पाटावरून उतरला आणि मांडवाच्या खांबाला टेकून बसला.

"नवरदेव रुसला!" बायका हसल्या. रिवाजच तो. मुलीचे मामा समजूत काढायला आले.

"अंगठी हवी का?"

"नको."

"मग घड्याळ?"

"नको. संप आहे."

"बरं बाबा, मागण्या काय आहेत?"

"त्या सर सोमवारी शिकवणार आहेत."

मामा हात झटकत परत फिरले. भटजी घड्याळ बघू लागले. आई रडकुंडीला आली. "ऊठ रे बाळा, मुहूर्त टळतोय!" सदबा काही हलेना.

तेव्हा रेवती म्हणाली, "बाबा, पसंत तर त्या दिवशी पाचही जणांनी म्हटलं होतं. त्यांच्यातला तो दिगंबर सकाळपासून पाहुण्यांना पाणी देतोय. त्याला विचारा."

दिगंबरने हातातला जग खाली ठेवला. या वेळी तो एकटाच बोलला, तेही हळूच. "पसंत आहे."

माळा पडल्या. सदबाची आई पदराने डोळे पुसू लागली. आणि मांडवात सगळ्यांत मोठ्याने टाळ्या सदबानेच वाजवल्या.

"रडतेस काय आई? संप लांबला की मालक बदली कामगार घेतो, सरांनी सांगितलंच होतं. अगदी तस्संच झालं. आता मी पास!"