ओ न देणारा कोळसुंदा

एका घाटमाथ्यावरच्या जंगलात एक कोळसुंदा राहत असे. कोळसुंदा म्हणजे रानकुत्रा. तांबूस अंगाचा, काळ्या झुबकेदार शेपटीचा. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यासारखा तो भुंकत सुटत नाही, शीळ घालतो. 'राहत असे' असं मी म्हटलं खरं, पण मुलांनो, हा राहत कमी आणि पळत जास्त असे. उजाडलं रे उजाडलं की निघाला. डोंगराच्या सोंडेवरून वर, खिंडीतून पलीकडे, ओढ्याच्या कडेने खाली आणि पुन्हा वर. शिकार असो नसो, भूक असो नसो. कळपातले बाकीचे कोवळ्या उन्हात लोळत, पिल्लांना अंगावर खेळवत, एकमेकांच्या कानांतल्या गोचिड्या काढत. त्या वेळी हा समोरच्या डोंगरधारेवर एकटाच धावताना दिसे.

"पायाला भिंगरी लागलीय मेल्याच्या," आत्या म्हणायची. आत्या म्हणजे कळपाची म्होरकी. एक कान फाटलेली, तोंडाने फटकळ, पण पिल्लांना स्वतःच्या आधी खाऊ घालणारी.

आता पळणं ही काही वाईट गोष्ट नव्हे. कोळसुंद्यांचं पोटच पायांवर चालतं. तुम्ही खो-खो खेळता ना? कोळसुंद्यांची शिकार थेट तशीच असते. एक जण सांबराच्या मागे लागतो, बाकीचे वाटेतल्या वळणांवर दबा धरून बसतात. पळणारा दमला की वळणावर येऊन शीळ घालतो, म्हणजे खो देतो. मग ताज्या दमाचा दुसरा उठतो. सांबर मात्र तेच, बिचारं एकटं. ते शेवटी थकतंच.

आणि शीळ काही नुसती खो द्यायला नसते. कळप कुठेही निघायचा असला की म्होरकी तीनदा शीळ घालते. ती ऐकली की ज्याने त्याने, जिथे असेल तिथून, आपली शीळ घालून ओ द्यायची. सगळ्यांची ओ आली की मगच कळप हलतो. प्रत्येकाची शीळ निराळी. एकाची लांबट, एकाची मध्येच तुटणारी, मावशीची तर दातांतून हवा गळाल्यासारखी. झाडीत एकमेकांचं तोंड दिसत नाही, म्हणून कोळसुंदे एकमेकांना शिळेवरून ओळखतात.

आमचा हा पळपुटा मात्र शीळच घालत नसे. पळपुटा म्हणजे पळणारा बरं का, भित्रा नव्हे. लहानपणी पिपाणीसारखं काहीतरी वाजवायचा तेवढंच. पायांत बळ आलं तसा त्याने तो नाद सोडला.

"शीळ घालायला छातीतला दम खर्च करायचा, मग पळायचं कशाच्या जोरावर?" असं तो म्हणे. आणि खो द्यायचा विषय निघाला की म्हणे, "मी दमतच नाही, तर खो कुणाला देऊ?"

यातली दुसरी गोष्ट जवळजवळ खरी होती. तो चितळामागे लागला की सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटाच पळे. वळणावळणावर बसलेले भाऊबंद नुसते बसून राहत, शेवटी चितळ पाडायला तेवढे जवळचे दोघे-तिघे धावत. एकदा त्याचा सख्खा भाऊ खालच्या वळणावर, करवंदीच्या जाळीत, खो मिळेल म्हणून दुपारपर्यंत अंग चोरून बसला होता. शिकार केव्हाच संपली होती, खाऊनही झाली होती, पण ते त्याला सांगणार कोण? अंगात काटे भरलेला तो उपाशीच परत आला. दुसऱ्या दिवसापासून तो त्या वळणावर बसेनासा झाला.

आत्याने पहिल्यांदा खडसावलं. मग समजावलं. मग तिनेही सोडून दिलं. तिच्या तीन शिळांना सगळ्यांची ओ येई, याची येत नसे. आधी आधी कळप याच्यासाठी खोळंबून राही. पुढे पुढे खोळंबेनासा झाला. याला वाटे, चला, आता कुणी कटकट करत नाही. मुलांनो, कुणी रागावलं तर आपल्याला वाईट वाटतं. पण रागवायचं बंद झालं की जास्त काळजी करावी, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात, सकाळच्या प्रहरी, हा असाच तीन डोंगर पलीकडे पळत होता. वारं मोकळं होतं, कातळ अजून तापला नव्हता, आणि पाय कसे हलके पडत होते. तेवढ्यात मागून, फार लांबून, आत्याची शीळ ऐकू आली. एक, दोन, तीन.

"पाण्यावर निघाले असतील," तो मनात म्हणाला. "जाऊ देत." आणि तो पुढच्या चढाला लागला.

पण ते पाण्यावर निघाले नव्हते. खालच्या गवताला वणवा लागला होता आणि आग वाऱ्यावर बसून कळपाच्या बिळाकडेच येत होती. आत्याने तीनदा शीळ घातली. एकेकाची ओ आली. चार पिल्लं तोंडांत धरून चौघं जण तयार झाले.

"तो यायचाय," आत्या म्हणाली.

"तो कधी ओ देतो, आत्या?" भाऊ म्हणाला. "सगळ्यांत जोरात पळणारा तोच. येईल आपला आपण."

भाऊ रागाने बोलला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. धूर डोळ्यांत जायला लागला, पिल्लं कुंईकुंई करू लागली, आणि कळप ओढा ओलांडून, मग नदी ओलांडून, निघून गेला.

दुपार कलल्यावर आमचा पळपुटा परत आला, तेव्हा बिळाच्या जागी काळी जमीन होती. कडेची झाडं अजून धुमसत होती. त्याने नाक खाली घातलं. राखेचा वास. इकडे गेला, राखेचा वास. तिकडे गेला, तोच. पायांचे ठसे नाहीत, अंगाचा वास नाही. ते गेले की जळाले, हेही त्याला कळेना. सबंध उतार तो चारदा पळून आला आणि पंजे भाजून एका दगडावर बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पळून काहीच मिळालं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. एकटा जीव सदाशिव म्हणायला ठीक असतं. तिसऱ्या दिवशी त्याने एक चितळ हेरलं आणि पळवून पळवून त्याची दमछाक केली. शेवटी ते एका कातळाला पाठ लावून उभं राहिलं आणि त्याने शिंगं खाली केली. आता याने समोरून हूल द्यायची आणि दुसऱ्याने बाजूने झडप घालायची, अशी रीत. याने हूल दिली. मग वाट पाहिली. बाजूला कुणीच नव्हतं. चितळाने त्याच्या बरगडीत शिंग खुपसलं आणि ते शांतपणे चालत निघून गेलं. गाव करी ते राव न करी, हे आजवर त्याच्या कानांवरून गेलं होतं, आता बरगडीत शिरलं.

मग तो उंदीर खाऊ लागला. खेकडे खाऊ लागला. एकदा तर पडलेली उंबरं खाल्ली, म्हणजे बघा. पण भुकेपेक्षाही त्याला एक गोष्ट सोसेना. पाठ टेकून झोपायला दुसरी पाठ नव्हती. कानात गोचीड शिरली होती आणि ती काढायला कुणी नव्हतं. तो डोकं झाडावर घासे आणि त्याला रडू येई.

असाच एके दिवशी तो एका ऐनाच्या झाडाखालून चालला होता. समोरून बिबट्या आला. कोळसुंदा दिसताच बिबट्या सवयीने झपकन झाडावर चढला, कारण कळप अंगावर आला तर बिबट्याचंही काही चालत नाही. वरून त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"बाकीचे कुठे आहेत?" बिबट्याने विचारलं.

"कुणी नाही. एकटाच आहे."

"अरेच्चा! मग मी उगाच चढलो," बिबट्या म्हणाला आणि फांदीवर ऐसपैस पसरला. "घाबरू नकोस, आज पोट भरलंय. काय रे, भांडून निघालास?"

"नाही. ते गेले आणि मी राहिलो. बिबट्यादादा, तुम्ही तर कायम एकटेच असता. तुम्हाला कसं जमतं?"

"आमचा जन्मच तसा. आईने दोन वर्षं शिकवलं आणि हाकलून दिलं. एकटं कसं मारायचं, मारलेलं एकट्याने झाडावर कसं चढवायचं, सगळं शिकवून. तुला कुणी शिकवलंय?"

कोळसुंद्याने नकारार्थी मान हलवली.

"मग तुला नाही जमायचं. तुमची माणसं नदीपल्याड आहेत. पहाटेपासून त्यांच्या शिट्ट्यांनी डोकं उठवलंय, म्हणून तर मी इकडे आलो. जा. आणि उद्या भेटू नकोस, उद्या मी उपाशी असेन."

ते जिवंत आहेत! तो असा पळाला, असा पळाला की नदी कधी ओलांडली ते त्याला कळलं नाही. पलीकडच्या धारेवर पोचून पाहतो तर खाली दाट झाडी. दिसत कुणी नव्हतं, पण ऐकू येत होतं. ती लांबट शीळ भावाची. ती हवा गळणारी मावशीची. त्याला एकेक ओळखू आली. त्याने छाती भरून घेतली आणि मोठा झाल्यापासून पहिल्यांदा शीळ घातली. घोगरी, जाड, मध्येच फाटलेली.

खालची झाडी एकदम गप्प झाली.

त्याला वाटलं, आनंदाने गप्प झाले असतील. तो धडपडत खाली गेला. गवत दबलेलं होतं, माती अजून उबदार होती, पिल्लांनी चघळलेलं हाड पडलं होतं. कुणी नव्हतं. शिळा आता पुढच्या दरीतून येत होत्या. तो तिकडे गेला, धारेवर चढला, पुन्हा त्याने शीळ घातली. पुन्हा सगळं गप्प. पुन्हा उबदार माती आणि रिकामी जागा. सगळ्यांत जोरात पळणारा तो, पण कळप त्याच्यापुढे एक दरी होता आणि एक दरीच राहिला.

तिसऱ्या धारेवर मात्र त्याने वेगळं केलं. त्याच्यासारख्याला फार अवघड असं. तो बसला. पळाला नाही, कुणाच्या मागे गेला नाही. एका उघड्या कातळावर, चारी बाजूंनी दिसेल असा बसून राहिला आणि शीळ घालत राहिला. दुपार झाली. घसा सुकला. शीळ नुसती फुसफुस होऊ लागली, तरी थांबला नाही.

उन्हं उतरताना तिघं जण आले. आत्या आणि दोन दांडगे गडी. केस ताठ, दात बाहेर. परक्याला हाकलायला येतात तसे आले होते. अगदी जवळ येईपर्यंत ते तसेच होते. मग आत्या थबकली. तिने नाक पुढे केलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "तू होय?"

"मीच, आत्या."

"मेल्या, आम्हाला वाटलं कुणी परका पिल्लांच्या मागावर आहे! सकाळपासून चार पिल्लं तोंडांत धरून दोन दऱ्या ओलांडल्या आम्ही. जीव मुठीत धरून पळालो."

"आत्या, मला तुमची प्रत्येकाची शीळ ओळखू आली. तुम्हाला माझी ओळखू नाही आली?"

आत्या त्याच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती ओरडली नाही. तिने खरंच आठवून पाहिलं.

"ऐकली कधी होती बाळा?" ती म्हणाली.

तो मान खाली घालून उभा राहिला. आत्याने त्याच्या कानात तोंड घातलं, गोचीड दातांनी ओढून काढली आणि थुंकून टाकली. मग दरीकडे तोंड करून तीनदा शीळ घातली. खालून एकेकाची ओ येऊ लागली. लांबट आली, तुटकी आली, हवा गळणारी आली. सगळ्यांत शेवटी याने घातली, घोगरी आणि फाटलेली.

खालून भावाचा आवाज आला, जरा घाबरलेला. "आत्या, तुझ्याजवळ कोण आहे गं?"

"आपलाच आहे!" आत्या ओरडली. मग याच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "पुन्हा घाल. घालत राहा. सवय व्हायला त्यांना वेळ लागेल."

तात्पर्य : आपल्या माणसांनी हाक मारली की ओ द्यावी. जो कधीच ओ देत नाही, त्याची हाक एक दिवस त्याच्याच माणसांना परक्याची वाटते.