घाणेवाल्याच्या लेकीचा सूर

एका गावात एक बाई व्हायोलिन शिकवायच्या. एवढ्याशा गावात व्हायोलिन कुठून आलं, ते मला विचारू नका. आलं होतं, एवढं खरं! बाईंना एक खोड होती. काही बिघडलं की रागवायच्या आधी त्या विचारायच्या, "असं का बरं होतं?"

त्यांच्याकडे घाणेवाल्याची लेक शिकायला यायची. बाई सगळ्यांच्या तारा एका सुरात लावून द्यायच्या, आणि ही पोरगी खुंटी पिळून आपली तार हळूच चढवायची. मग वाजवताना सगळी मुलं एकीकडे आणि ही भलतीकडेच!

देवीचा उत्सव तोंडावर आला, तसे मुलांचे आईबाप बाईंकडे आले. "त्या पोरीला घरी बसवा, बाई. अख्ख्या गावासमोर आमच्या मुलांचं हसं होईल."

पोरगी दारातच उभी होती. तिनं व्हायोलिन खाली ठेवलं आणि फ्रॉकला डोळे पुसले.

"काढायचं तर काढू," बाई म्हणाल्या, "पण ती चुकते कशी, ते तरी कळू द्या. चुकणारा रोज वेगळं चुकतो. ही रोज तेवढंच चुकते. मला तर बाई याचं नवलच वाटतं!"

सगळे गेल्यावर त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं. "तार का गं चढवतेस?"

"चढवत नाही बाई. जागेवर आणते."

कुठल्या जागेवर, ते काही पोरीला सांगता येईना. बाईंना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी त्या थेट तिच्या घरी गेल्या. अंगणात बैल गोल फिरत होता आणि लाकडी घाणा कुरकुरत होता. एकच लांब सूर, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. बाईंनी पोरीच्या तारेवरून गज फिरवला. तार आणि घाणा अगदी एका सुरात!

"अगं बया! पाळण्यात होतीस तेव्हापासून हेच ऐकतेयस होय? तुझा कान तर पक्का आहे!"

बाईंनी आपलीच तार घाण्याच्या सुराला लावली. पोरीनं बाईंबरोबर धडा वाजवला आणि तो पहिल्यांदाच सरळ वाजला. मग रोज अंगणात बसून बाईंनी तिला सवय लावली. "आधी घाणा आठव. मग तिळाएवढी खाली उतर. तो आपल्या वर्गाचा सूर."

उत्सवात ढोलताशांनी असा दणका दिला, की सगळ्यांचे कान बधिर झाले. तारा उतरलेल्या, सूर कुणालाच सापडेना. बाईंनाही नाही! पोरीनं डोळे मिटले, घाणा आठवला, तिळाएवढी खाली आली आणि गज ओढला. सगळ्यांनी तिच्यावरून तारा लावल्या. वाजवणं असं रंगलं म्हणता!

दुसऱ्या दिवशी तेच आईबाप पुन्हा बाईंच्या दारात. "बाई," एकजण चाचरत म्हणाला, "आमच्या पोराच्या कानात कुठला घाणा फिरतोय, तेवढं बघता का?"

तात्पर्य: चुकणाऱ्याला हाकलण्याआधी त्याची चूक कुठून येते ते पाहावं, शिकवण्याची वाट ज्याच्या त्याच्या अंगणातूनच जाते.