कोंडाजीची बंदूक

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कोणत्या राजाचं होतं हेही आता कुणी सांगू शकणार नाही. लहानांनो, नीट मांडी घालून बसा. आणि मोठ्यांनो, तुम्हीही ऐका, कारण गोष्ट खरं तर तुमचीच आहे.

एका डोंगराच्या माथ्यावर एक वाडी होती. वाडी कसली, विखुरलेली घरं! एक घर या टेकाडावर, दुसरं त्या टेकाडावर, आणि मध्ये भाताची खाचरं नि झाडी. साधी हाक मारली तर शेजाऱ्याच्या कानापर्यंत पोचायचीच नाही. म्हणून तिथे कुकारा घालायची रीत होती. संकट आलं की तोंडाशी हात धरून लांबलचक ‘कूऽऽ’ करायचं. ज्याला तो ऐकू येईल त्याने असेल तसं उठून धावायचं. हातात विळा असेल तर विळ्यासकट, कुऱ्हाड असेल तर कुऱ्हाडीसकट. आणि उलट ओ द्यायची नाही. वाघ असो की चोर, त्याला आधीच सावध कशाला करा?

एका वर्षी घाटाखालच्या गावात दरोडा पडला. दरोडेखोरांनी एका म्हाताऱ्याला खांबाला बांधून मारलं आणि तो बिचारा त्यातच गेला. बातमी खोटी नव्हती हं. ऐकून वाडीतली सगळीच माणसं घाबरली. पण कोंडाजी नावाच्या शेतकऱ्याच्या मनात ती भीती जी शिरली ती काही केल्या निघेना. त्याची बायको साळू गरोदर होती, पहिलंच मूल. आई थकलेली. घरात धडधाकट माणूस तो एकटाच. मग त्याने आपला एक चांगला बैल देऊन घाटाखालून ठासणीची बंदूक आणली. तिच्यात दारू आणि छर्रे कायम भरून ठेवू लागला. घराभोवती काट्यांचं कुंपण घातलं, लोकांची जायची-यायची पायवाट बंद केली आणि सगळ्यांना बजावलं, “मला विचारल्याशिवाय माझ्या बांधावर कुणी पाऊल ठेवायचं नाही.”

वाडीची सुईण होती ठमाय. वाडीतलं जवळजवळ प्रत्येक मूल तिच्या हातांत जन्मलेलं, कोंडाजीसुद्धा. ती एकदा साळूला बघायला आली, तर हा बंदूक घेऊन कुंपणाशी उभा.

“मेल्या, मी आहे!” ठमाय ओरडली. “ती नळी आधी तिकडे फिरव.”

कोंडाजी ओशाळला. म्हणाला, “दिवस वाईट आहेत, ठमाय.”

“दिवस वाईट आहेत म्हणूनच माणसांना धरून राहावं. कुकारा घातलास की आम्ही येतोच ना?”

“तुम्ही येईपर्यंत माझा गळा चिरलेला असेल.”

“असेलही,” ठमाय म्हणाली. “नाही कसं म्हणू? पण साळूचं पोट बघितलं मी. मूल आडवं आहे. वेळ आली की मला लगेच यावं लागेल. कुंपणातून वाट तरी ठेव.”

“वेळ आली की मीच बोलवायला येईन,” कोंडाजी म्हणाला.

खरंच जाणार होता तो. वाईट माणूस नव्हता, हे विसरू नका.

पण बाळंतपण काय सांगून येतं? कापणीचे दिवस होते. संध्याकाळचं धुकं खाचरांवर उतरत होतं. कोंडाजी बंदूक घेऊन कुंपणाच्या पुढच्या टोकाला गेला होता आणि इकडे साळूला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. आईने त्याला हाका मारल्या, पण तिचा आवाज तेवढ्या लांब जाईना. साळू तर घामाने भिजलेली, ओठ चावून पडलेली. म्हातारी घाबरली. ती परसात गेली आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून तिने कुकारा घातला.

वाडीने तो ऐकला. माणसं खाचरांतून उठली आणि विळ्या-कोयत्यांसकट धावत सुटली.

कोंडाजीनेही तो ऐकला. आवाज आपल्या घरातून आला, आपल्या आईचा आहे, एवढंच त्याला कळलं. त्याला वाटलं, झालं! दरोडेखोर मागच्या बाजूने घरात घुसले! तो घराकडे पळाला. बघतो तर धुक्यातून, कुंपणाचे काटे तुडवत माणसं येताहेत. चहूबाजूंनी. हातांत पाती. तोंडातून शब्द नाही.

अहो, जन्मभर तो स्वतः तसाच धावला होता! विळा घेऊन, मुकाट्याने, दुसऱ्यांच्या घरांकडे. पण त्या घटकेला त्याला काही म्हणजे काही आठवलं नाही. त्याने बंदूक खांद्याला लावली आणि सगळ्यांत पुढे असलेल्या सावलीवर झाडली.

सगळ्यांत पुढे ठमाय होती. कुकारा कशासाठी आहे ते तिने ऐकताक्षणी ओळखलं होतं.

छर्रे तिच्या उजव्या हातात घुसले. मनगटापासून बोटांपर्यंत हात फाटला. लोकांनी कोंडाजीच्या हातून बंदूक हिसकावली. कुणी त्याला मारलं नाही. तेवढी कुणाला फुरसतच नव्हती. कुणीतरी ठमायच्या हाताला लुगड्याचा पदर गच्च आवळला, तशी ती म्हणाली, “मला साळूजवळ न्या.”

तिला साळूच्या उशाशी बसवलं. आडवं मूल पोटावरून दोन्ही हातांनी हलकेच फिरवावं लागतं, आणि ते त्या अख्ख्या डोंगरात तिलाच येत होतं. ती तोंडाने सांगत राहिली आणि कोंडाजीची आई हातांनी करत राहिली. “हळू गं... इकडे... नाही, नाही, तिकडे नको...” ठमायचा डावा हात हवेत नुसता फिरत होता. तिचे डोळे वाहत होते, पण ते दुखण्याने नव्हे.

साळू वाचली. मूल वाचलं नाही. मुलगी होती.

आणि दरोडेखोर? ते त्या वर्षी वाडीवर आले नाहीत. त्यानंतरही कधी आले नाहीत.

ठमायचा हात पुन्हा वळला नाही. कोंडाजी पुढे रोज तिच्या घरी जाऊन पाणी भरायचा, लाकडं फोडायचा. ती नको म्हणायची नाही आणि घटकाभर बस असंही म्हणायची नाही. एक दिवस त्याने तिचे पाय धरले. “ठमाय, मला माफ कर. मी माझ्या माणसांना वाचवायलाच निघालो होतो गं.”

ठमायने डाव्या हाताने त्याला उठवलं.

“माझ्या हाताचं मी कधीच सोडून दिलं, बाबा,” ती म्हणाली. “पण तुझी लेक मला विचारते, मला घ्यायला कोण येत होतं आणि त्याला अडवलं कुणी? तिला मी काय सांगू?”

कोंडाजीने कळशी उचलली आणि तो पाण्याला गेला. तुम्हाला उत्तर देता येत असेल तर बघा. मला तर येत नाही.

तात्पर्य: भीतीपायी ज्याला धावून येणारी आपली माणसंच वैरी दिसू लागतात, त्याच्या हातातलं हत्यार शेवटी त्याच्याच घरावर चालतं.