शेजारच्या सीटखालचं पाणी

"पण हे पाणी छत्रीचं नाही, हे तुम्ही कशावरून म्हणता, उस्ताद?"

गाड्यांचं पत्र्याचं काम करणारे इलाही उस्ताद त्यांच्या गॅरेजात माझ्या गाडीत डोकं घालून बसले होते. डाव्या सीटपुढचं मॅटिंग त्यांनी उचललं, खालचा स्पंज बाहेर ओढला आणि पिळला. काळं पाणी निघालं. तांब्याभर तरी असेल.

"केवढी छत्री हाय वो सर तुमची?"

मी हसलो नाही.

एकतीस वर्षं मी इंजिनिअरिंग कॉलेजात हायड्रॉलिक्स शिकवलं. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हाच माझा विषय. उस्तादांना मी हे आल्या आल्या सांगून टाकलं होतं. का सांगितलं, मलाही नक्की ठाऊक नाही.

तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "बरं झालं. मग मला शिकवा."

गाडी सत्तावीस वर्षांची. पावसाळ्यात डावीकडच्या सीटवर बसलं की पाय भिजतात, असं माझी पत्नी हेमलता म्हणायची. ती ओली छत्री पायाशी ठेवते, असं मी म्हणायचो.

"मी चाचणी घेतलेली आहे," मी म्हणालो. "पोर्चमध्ये गाडी लावली, चाळीस मिनिटं काचेवर नळी सोडली. आत थेंब नाही. वहीत नोंद आहे, तारखेसकट."

"पोर्चची फरशी कशी हाय?"

"एकदम सपाट. स्पिरिट लेव्हल लावून मी स्वतः बसवून घेतली."

"आन् आत कोण बसलं हुतं?"

"मी."

"कुठं?"

"... स्टिअरिंगपाशी."

"नळी?"

"हिनं धरली होती."

उस्ताद स्पंज पिळत राहिले.

"मग आज का आला, सर? पाणी तर छत्रीचं हाय."

 

येत्या गुरुवारी मिरजेला हेमलताच्या थोरल्या बहिणीची पंच्याहत्तरी होती. सोमवारी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, 'मी एस.टी.नं जाते. तुम्ही या गाडीनं.'

हे मी उस्तादांना सांगितलं.

"भांडान झालं?"

"नाही. भांडण झालं असतं तर..."

लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली. एका घरातून निघून एकाच ठिकाणी दोन वाटांनी आम्ही कधी गेलो नव्हतो.

उस्ताद उठले. सत्तरी उलटलेली, गुडघे धरून उठले.

"बूट काढा. मोजं बी."

"मी?"

"शिकवणार हुता न्हवं? बसा. तिकडं न्हाई... हिकडं."

मी डावीकडच्या सीटवर बसलो. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. तिथे समोर धरायला काही नसतं, हे मला माहीत नव्हतं. हात कुठे ठेवायचे तेच कळेना. मांडीवर ठेवले.

उस्तादांनी माझ्या अनवाणी पायांखाली कोरा कागद पसरला आणि दार लावलं. मग पाण्याचा डबा घेतला. आधी दाराच्या खालच्या कडेला पाणी सोडलं. थांबले. मग दाराच्या वर. थांबले. मग पुढच्या काचेच्या बुडाशी. पाणी खालून वर चढवत नेलं. वरून ओतलं असतं तर सगळीकडूनच आल्यासारखं वाटलं असतं, हे माझ्या ध्यानात आलं. माझी नळी टपापासून सुरू झाली होती.

कागद कोरडा राहिला.

"बघा!" मी काचेतून म्हणालो.

सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं.

उस्तादांनी जॅक आणला. उजवी बाजू उचलली, दोन्ही चाकांखाली जाड फळ्या सारल्या आणि गाडी त्यांवर सोडली. गाडी डावीकडे कलली. मी दाराला टेकलो.

"हे काय करताय?"

"रस्ता."

"काय?"

"मधी उंच, कडंला उतार. पाणी निघून जावं म्हून. तुमी तर शिकवत असाल, सर."

शिकवत होतो. दर वर्षी दुसऱ्या सत्रात रस्त्याचा छेद फळ्यावर काढत होतो. उताराची टक्केवारी विचारून मुलांचे गुण कापत होतो.

"आन् आपली गाडी चालती डावीकडनं," उस्ताद म्हणाले. "पोर्चसारखी फरशी मिरजेपतुर कुनी घातलीय व्हय?"

त्यांनी काचेच्या बुडाशी, बॉनेटमागच्या हवेच्या जाळीवर, पाणी ओतलं. एक डबा.

दुसरा.

तिसऱ्या डब्याला माझ्या पायाच्या बोटांना गार लागलं. वरून नाही आलं. डॅशबोर्डच्या आतून, वायरींच्या जुडग्यावरून ओघळत आलं आणि थेट माझ्या पावलावर पडलं. मग दुसरा थेंब. मग धार.

"आलं?"

"सर, आलं का?"

"आलं."

"मग पाय वर घ्या की."

मी घेतले नाहीत. ते ओतत राहिले. चौथा डबा, पाचवा. "बास" म्हणायचं मला सुचलं नाही. की म्हणायचं नव्हतं... आता सांगता येत नाही.

शेवटी त्यांनीच डबा खाली ठेवला.

जाळी उघडली तेव्हा आतून कुजलेल्या पानांचा ओंजळभर चिखल निघाला. आमच्या दारातल्या बकुळीचा. पोर्चमध्ये दुपारचं ऊन येतं, म्हणून सावलीला मीच रोज गाडी तिच्याखाली लावत आलो. पाणी बाहेर जायची वाट त्या पानांनी बुजली होती. रस्त्यावर गाडी कलली की तुंबलेलं पाणी डाव्या कोपऱ्यात जमायचं. तिथे पत्र्याचा जोड बोटभर उकलला होता.

उस्तादांनी वाट मोकळी केली. पत्रा घासला, कपड्याने कोरडा केला, जोडात काळं सीलंट दाबून भरलं. फळ्या तशाच होत्या. सीलंट धरल्यावर त्यांनी पुन्हा पाणी ओतलं. डबे मी मोजले. बारा. कागद कोरडा.

मग स्पंजाचा तुकडा राहिला का बघायला त्यांनी सीटखाली हात घातला.

हातात दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्या आल्या. धुतलेल्या, वाळवलेल्या, घडी घातलेल्या. वर दोन रबरबँड. आणि एक जुना नॅपकिन, चौघडी केलेला.

पिशव्या पावलाच्या मापाच्या होत्या.

"वैनींचं?"

मी मान हलवली.

"किती वरीस सांगत हुत्या तुमास्नी?"

"चार... पाच वर्षं."

"मग?"

"मग बोलायची बंद झाली. मला वाटलं, तिला पटलं."

"पानी बंद झालं हुतं?"

उस्तादांनी पिशव्या फेकल्या नाहीत. घडी न मोडता माझ्या हातात दिल्या. मी त्या कुठे ठेवाव्यात ते न कळून धरून उभा राहिलो. पायांत अजून बूट नव्हते.

"घरी जाऊन मी तिला काय सांगू, उस्ताद?"

"ते मला काय ठावं? मी पत्र्याचा मानूस."

ते सामान आवरायला लागले. डबा पालथा घातला. फळ्या भिंतीला लावल्या.

"एवढं तरी सांगा," मी म्हणालो. "गाडी खरंच दुरुस्त झाली, हे मला कळायचं कसं? माझ्या फरशीवर नाही कळणार... तेवढं आता कळलं."

उस्तादांनी फडक्याला हात पुसले. एकेक बोट पुसलं.

"गुरुवारी वैनी तुमच्या शेजारी बसल्या..."

"हो."

"आन् पाय भिजलं म्हून तुमच्यावर वरडल्या..."

"हो?"

"तर समजा, दुरुस्त झाली."