दोन फेरे जास्त

“मग ह्या वेळी किती ताणलास?”

बाबालाल वस्तादांनी विचारलं आणि मृदुलाच्या हातातला पाना खाली पडला. ठण्णकन आवाज झाला. त्या आवाजानं ती पुन्हा दचकली.

“दोन फेरे जास्त,” ती म्हणाली.

तासगाव रस्त्यावरच्या वस्तादांच्या गॅरेजात मृदुला आठ महिन्यांपूर्वी आली होती, इंजिनिअरिंगची ताजी पदवी घेऊन. वस्तादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सोमवारी मिरजेला ऑपरेशन. महिनाभर गॅरेजला कुलूप घालायचं की ते मृदुलावर सोडायचं, हे त्यांनी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. मृदुलाला तो महिना हवा होता.

आणि नेमकी इंगवले काकूंची पापडाची व्हॅन तिसऱ्यांदा परत आली होती.

“वस्ताद, मी वळणावर असते तेव्हाच गावातली कुत्री गल्ली सोडतात,” काकू बाकावरून म्हणाल्या. “तो किराणावाला विचारतो, काकू, पापड आणलेत का डुक्कर धरून आणलंत?”

गाडी चालू केली की बेल्ट किंचाळायचा. इंजिनाच्या जोरावर डायनामो आणि पाण्याचा पंप फिरवणारा बेल्ट. घसरायचा, तापायचा, करपल्याचा वास सुटायचा. मृदुलानं पहिल्या खेपेला तो ताणला. दुसऱ्या खेपेला नवा टाकला. आज सकाळी नवाही ताणला, तरी किंचाळणं थांबेना.

“जास्त का?” वस्तादांनी विचारलं.

मृदुला जरा ताठ झाली. ह्याचं उत्तर तिच्याकडे होतं, आणि ते तिला मनापासून आवडलेलं होतं.

“तुम्ही शिकवलंत, बेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबायचा, अर्धं बोट खाली गेला पाहिजे. पण वस्ताद, तुमच्या अंगठ्यात केवढा जोर! माझ्या अंगठ्यानं तो तेवढा दबला, म्हणजे मुळात सैलच असणार ना? म्हणून मी विचार करून वर बोल्टचे दोन फेरे...”

“दर खेपेला?”

“दर खेपेला.”

“डोकं चांगलं चालतंय,” वस्ताद म्हणाले.

तिला हायसं वाटलं.

“आता काढ तो.”

तिनं बेल्ट काढला. वस्तादांनी तो मफलरसारखा खांद्यावर टाकला.

“सांग. कोण ओरडतंय?”

“बेल्ट.”

“ह्यो? ह्यो तर गप पडलाय की.”

काकू फिस्सकन हसल्या. मृदुलाचे कान तापले.

“पुल्या फिरवून बघ,” वस्ताद म्हणाले. “हातानं.”

तिनं मोबाइलची बॅटरी लावली, वाकली.

“ती विझीव.”

“मग दिसणार कसं?”

“मला कुठं दिसतंय?”

तिनं बॅटरी विझवली. पंपाची पुली फिरवली. लोण्यातून फिरावी तशी फिरली. मग डायनामोची पुली मुठीत धरली आणि जोर लावला.

“हीपण फिरतेय की, वस्ताद.”

“मुठीनं खांबसुद्धा फिरंल. एका बोटानं.”

तिनं बोट टेकवलं. डोळे आपोआप मिटले...

पुली जराशी हलली. मग मऊ भातात खडा लागावा तशी करकरली. आणि अडली.

“बेरिंग,” मृदुला म्हणाली. “डायनामोचं बेरिंग गेलंय. तो अडतोय, म्हणून बेल्ट घसरतोय. म्हणून किंचाळतोय!”

वस्तादांनी खांद्यावरचा बेल्ट नीट केला.

मृदुलाचं बोट पुलीवरच होतं. तिचा चेहरा हळूहळू उतरला.

“पण पहिल्यांदा... पहिल्यांदा थोडंच करकरत असेल. मी ताणलं, तो सगळा ताण बेरिंगवर आला. मग आणखी ताणलं...”

“वस्ताद, हे मीच घालवलं.”

काकूंनी बाकावर उगाच पिशवी सरकवली. वस्तादांनी मृदुलाला धीरही दिला नाही, बोलही लावला नाही.

“ओरडला की काय व्हायचं तुला?” त्यांनी विचारलं.

“छातीत धस्स व्हायचं.”

“मग?”

“मग पाना उचलायचे.”

दुपारी नवीन बेरिंग बसलं. तिनं दुसरा, कोरा बेल्ट चढवला; करपलेला वस्तादांच्या खांद्यावरच राहिला. ताण द्यायची वेळ आली तशी ती बाजूला सरकली, वस्तादांना जागा करून.

“अंगठा लाव,” वस्ताद जागेवरूनच म्हणाले.

“कुणाचा?”

“माझा मिरजेला चाललाय.”

तिला अर्थ लागायला क्षणभर लागला. मग डोळे भरून आले, आणि ते लपवायला ती इंजिनावर वाकली. अंगठा लावला. दाबला. अर्धं बोट. हात सवयीनं पान्याकडे गेला, दोन फेऱ्यांसाठी... मधेच थांबला. तिनं पाना खाली ठेवला. ह्या वेळी आवाज न करता.

काकूंनी गाडी चालू केली. मृदुलानं खांदे आक्रसून घेतले.

काहीच झालं नाही. इंजिन नुसतं घुमत राहिलं.

काकू हात हलवून निघून गेल्या. वस्ताद चाचपडत बाकावर टेकले. मृदुला त्यांच्यासमोर उभीच.

“वस्ताद, महिनाभर तुम्ही नसणार.”

“नसणार.”

“आणि एखादा परत ओरडायला लागला तर?”

वस्तादांनी खांद्यावरचा जुना बेल्ट काढून तिच्या हातात दिला.

“मग आधी ओरडू दे त्याला... पुरतं. पाना मागनं उचल.”